हौदावरचं तोंड

१९६३ सालच्या जुलैमध्ये, एका सोमवारी सकाळी, फादर आन्सेल्मो हातात पत्र घेऊन इदालिनाच्या दाराशी आले. मोन्ताल्विना गावाला पत्रांचं काही कौतुक नव्हतं. फ्रान्सला गेलेल्या पोरांची पत्रं दर आठवड्याला यायची आणि सगळ्यांत तोच मजकूर असायचा. पण या पाकिटावर लिस्बनचा शिक्का होता, आणि फादरांची दाढी एकाच गालावर झालेली होती.

"इदालिना, ते येताहेत," फादर म्हणाले. "शुक्रवारी, दुपारच्या आत."

"कोण ते?"

"पुस्तकवाले."

इदालिनानं हातातली वाटी खाली ठेवली. या पुस्तकाची गोष्ट गावात हिवाळ्यापासून चालू होती. परदेशी पाहुण्यांनी आपला देश बघायला यावं म्हणून लिस्बनच्या कुठल्याशा कचेरीत एक जाडजूड पुस्तक तयार होत होतं, प्रांतवार, फोटोंसकट. उत्तरेच्या द्राक्षमळ्यांना बारा पानं, दक्षिणेच्या समुद्राला दहा, खुद्द लिस्बनला सोळा आणि आमच्या अलेंतेझू प्रांताला चार. त्या चारांतली दोन पानं एका गावाला मिळणार होती. फादरांनी लगेच कळवून टाकलं होतं की मोन्ताल्विनाच्या हौदावर एक दगडी तोंड आहे, त्याच्या मुखातून पाणी पडतं आणि ते रोमनांच्या काळचं आहे.

"आणि रिबेरिन्यालाही जाणार आहेत," फादर जरा खालच्या आवाजात म्हणाले. "आधी तिकडे, मग इकडे."

रिबेरिन्या म्हणजे टेकडीपलीकडचं गाव. त्यांच्याकडे रोमनांचा एक अख्खा खांब होता आणि तो खरोखर रोमनांचा होता, एवढंच त्यांच्याबद्दल सांगण्यासारखं आहे.

"ते पुस्तकवाले दोतोर माझ्याकडेच जेवतील," इदालिना म्हणाली. तिच्याकडे गावातलं सर्वांत मोठं मेज होतं, सहा खुर्च्या होत्या आणि मुख्य म्हणजे कारण होतं.

कारण तिच्या लेकीच्या पलंगाखाली होतं. पुठ्ठ्याची एक सुटकेस, नवीकोरी, दोरीसकट. जासिंता आणि जावई बेल्मीरो सप्टेंबरमध्ये फ्रान्सला निघणार होते. बेल्मीरो खुर्च्या करायचा. निळ्या, लाल रंगाच्या, पाठीवर फुलं रंगवलेल्या, बसायला वेताच्या. खुर्च्या सुंदर होत्या, पण मोन्ताल्विनातल्या प्रत्येक बुडाखाली आधीच एकेक खुर्ची होती आणि नवीन बुडं फार पैदा होत नव्हती. एक मात्र होणार होतं: जासिंताला पाचवा महिना होता. मूल नोव्हेंबरमध्ये यायचं, म्हणजे फ्रान्समध्ये, कुठल्या तरी कारखान्यामागच्या खोलीत. पुस्तकात गाव आलं तर लोक येतील, लोक आले तर बसतील आणि बसले तर खुर्च्या विकत घेतील, असा इदालिनाचा हिशेब होता.

"सासूबाई, चार पानांत अलेंतेझूचं ऊनसुद्धा मावायचं नाही," बेल्मीरो म्हणाला होता. "खुर्च्या कुठून मावतील?"

"तू फुलं रंगव," इदालिनानं त्याला सांगितलं होतं. "मावायचं मी बघते."

पाहुणा येणार म्हटल्यावर गावात एकच गोष्ट होऊ शकत होती. बायकांनी चुना भिजवायला घेतला. इकडे घर पांढरं करणं हे तोंड धुण्यासारखं आहे. ज्या बाईच्या भिंतीला सणाआधी दोन हात बसत नाहीत, तिच्याकडे चर्चमध्ये लोक जरा जपून बघतात. पिढ्यान्‌पिढ्या चुना चढून घरांचे कोपरे पावासारखे गोल झालेले. आणि त्या कामात इदालिनाचा हात धरणारी दुसरी नव्हती. लांब बांबूला बांधलेला कुंचा तिच्या हातात आला की भिंतीला थेंबाचा ओघळ दिसायचा नाही.

चूक झाली ती बेल्मीरोकडून, असं इदालिना शेवटपर्यंत म्हणायची. तिनं त्याला भट्टीवरून दोन पोती कळीचा चुना आणायला सांगितला होता. त्यानं पाच आणली, कारण भट्टीवाल्यानं खुर्च्यांच्या बदल्यात दिली. इदालिनानं पाचही पोती पाण्यात सोडली. बुधवारी दुपारपर्यंत गावातली शेवटची भिंत पांढरी झाली, खाली निळा पट्टा ओढून झाला, आणि अजून दोन पिंपं भरून भिजवलेला चुना उरला.

"फेकून दे," बेल्मीरो म्हणाला.

इदालिनानं त्याच्याकडे असं पाहिलं, जसं काही तो भाकरी फेकायला सांगत होता.

मग चर्चचं कुंपण झालं. मग रस्त्याकडेच्या ऑलिव्हच्या झाडांचे बुंधे झाले. फादरांच्या गाढवाची गव्हाण झाली. गाढव थोडक्यात वाचलं. मग बायका हौदाशी आल्या. हौदाची भिंत झाली, कट्टा झाला आणि त्या सगळ्या पांढऱ्याशुभ्र लखलखाटात मधोमध ते तोंड उरलं. काळं, शेवाळलेलं, हिरव्या दाढीचं. नाक कुठे, डोळा कुठे, काही कळत नव्हतं. एका भोकातून पाणी पडत होतं म्हणून तेवढं तोंड म्हणायचं.

बायका मागे सरून बघत राहिल्या.

"लग्नाच्या घरात एकट्यानंच आंघोळ केली नाही, असं दिसतंय," एक जण म्हणाली.

हौदासमोरच्या दारात कुस्तोदिया मावशी बसली होती. ती इदालिनाच्या आईची धाकटी बहीण. ब्याऐंशी वर्षांची, लांब हनुवटीची, नाकाशेजारी मस असलेली. तिची डावी भुवई जन्मापासून वर चढलेली, त्यामुळे समोरचा माणूस काही बोलायच्या आधीच तो खोटं बोलतोय असं तिचा चेहरा सांगायचा. मावशीनं आयुष्यात कुणी मागायची वाट बघून सल्ला दिला नव्हता. ती तो आधीच देऊन मोकळी व्हायची. त्या तोंडाकडे मात्र ती सहसा बघत नसे.

"लाव त्याला," मावशी म्हणाली. "चांगला जाड लाव. तीन हात दे."

इदालिना शिडीवर चढली. आणि ती कामाची बाई असल्यामुळे तिनं आधी खरवडलं. चुना लावण्याआधी भिंत खरवडायची असते, नाहीतर पोपडे धरतात. साठ वर्षांचं शेवाळ तिनं लोखंडी पट्टीनं सोलून काढलं आणि मग शांतपणे तीन हात दिले.

फादर दोन दिवस एव्होराला बिशपांकडे गेले होते. ते गुरुवारी दुपारी बसनं फाट्यावर उतरले, सात किलोमीटर चालत आले, हौदाशी पाणी प्यायला वाकले आणि तसेच वाकलेले राहिले.

"इदालिना," ते म्हणाले. "दोन हजार वर्षं."

"दोन हजार वर्षांत कुणी पुसलं नव्हतं, फादर. मी पुसलं."

फादर चर्चच्या पायरीवर बसले. त्यांनी टोपी काढली आणि गुडघ्यावर ठेवली. रिबेरिन्याचा खांब तसाच्या तसा आहे, त्यांनी सांगितलं, काळा, मळका, त्याला पाहुणे हात लावून बघतात. लोक लिस्बनहून मळ बघायला येतात, इदालिना. चुना त्यांनी पाहिलेला असतो.

हे इदालिनाला नवीन होतं. परक्या माणसाला आपल्या घरातला मळ दाखवायचा आणि त्यानं तो बघून खूष व्हायचं, असं जगात कुठे चालत असेल हे तिला खरंच वाटेना. पण तिनं वळून पाहिलं तर जासिंता पोटावर हात ठेवून दारात उभी होती. आईकडे बघत होती.

"सकाळपर्यंत काढते," इदालिना म्हणाली.

चुना व्हिनेगरनं सुटतो हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. शुक्रवारी उजाडताच घरोघरची बरणी हौदाशी आली. कुणाची द्राक्षाची, कुणाची दोन वर्षं मुरलेली, कुणाची नवऱ्याच्या बिघडलेल्या दारूची. इदालिना शिडीवर चढून चिंध्या भिजवून चोळत होती, चुना फसफसत होता, पांढरं पाणी हनुवटीवरून हौदात पडत होतं. आठ वाजेपर्यंत सगळ्या गावाला कोशिंबिरीचा वास यायला लागला. खेचरं पाण्याला आली, एक घोट घेतला आणि मालकांकडे बघू लागली.

नऊच्या सुमारास जासिंता धावत आली. "आई, गास्पाशुत घालायला व्हिनेगर नाहीये."

गास्पाशु म्हणजे उन्हाळ्यातलं आमचं थंडगार जेवण: टोमॅटो, काकडी, लसूण, पाव, थंड पाणी आणि व्हिनेगर. व्हिनेगर नसेल तर ते ओला पाव आणि भाजी होतं.

"शेजारी माग."

"शेजाऱ्यांचं तुझ्या हातात आहे."

इदालिनानं हातातल्या चिंधीकडे पाहिलं. "मग लसूण वाढव," ती म्हणाली, आणि परत वळली. एव्हाना गाल निघाले होते, नाक निघालं होतं, दगड स्वच्छ करडा दिसत होता. शेवाळही नव्हतं आणि चुनाही नव्हता. आता फक्त हनुवटीखालचं राहिलं होतं. तिनं तिथे चिंधी फिरवली, आणि बोटांना खाच लागली. मग दुसरी. तिनं शिडीवरून वाकून खालून वर पाहिलं.

तिथे नीट कोरलेलं होतं: झेफेरीनो, १८९९.

इदालिना शिडीवर पुष्कळ वेळ तशीच वाकून राहिली. खालच्या बायकांना वाटलं तिची कंबर धरली. मग ती हळूच सरळ झाली, आणि तिनं इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्या तोंडाकडे सरळ समोरून पाहिलं. लांब हनुवटी. नाकाशेजारी मस. डावी भुवई वर चढलेली. तोंड उघडं, आणि कुणाला तरी काहीतरी ऐकवण्याच्या मध्यावर.

"तुम्ही जा गं," ती बायकांना म्हणाली. "पाहुणे यायची वेळ झाली, केस विंचरा." बायका गेल्यावर ती उतरली आणि समोरच्या दाराशी गेली.

"मावशी, हा झेफेरीनो म्हणजे आपले झेफेरीनो काका?"

कुस्तोदिया मावशी शेंगा सोलत होती. तिनं दोन शेंगा सोलल्या.

"जाड लाव म्हटलं होतं मी तुला," ती म्हणाली.

"मावशी."

"पंचायतीनं त्याला सिंहाचं तोंड कोरायला सांगितलं होतं. आमच्या लग्नाला चार महिने झाले होते. सिंह त्यानं जन्मात बघितला नव्हता. मला रोज बघत होता."

इदालिना उंबऱ्यावर बसली.

"वर म्हणतो कसा, तोंड उघडं ठेवलंय, पाणी थांबायचं नाही. गाव वर्षभर हसत होतं. मी त्याच्याशी नाताळपर्यंत बोलले नाही. तो म्हणाला, हौद बोलतोय तेवढं पुरे." मावशीनं सालं झटकली. "अठरा वर्षांची होते मी, आणि मेल्यानं कोरली ऐंशीची. विचारलं तर म्हणाला, पुढं उपयोगी पडेल."

"मग ते शेवाळ?"

"चीज केल्यावर जे पाणी उरतं ते रोज त्याच्या तोंडावर ओतत होते. शेवाळ असं धरतं, बघत राहावं. दोन वर्षांत नाक बुजलं. पाहणारे हळूहळू मेले. मग एक मास्तर आला, तो म्हणाला हे मूर राजांच्या वेळचं. मग हे फादर आले, ते म्हणाले रोमन. मी कशाला बोलू? मला तर बरंच वाटलं. जितकं जुनं होईल तितकं माझ्यापासून लांब."

इदालिनाला हसू येत होतं, पण तिचा हिशेब चुकला होता. फादरांनी सरकारला दोन हजार वर्षं लिहून दिली होती आणि हातात निघाली चौसष्ट. दोतोर ते अक्षर वाचणार, वही मिटणार, टेकडीपलीकडच्या खांबाला दोन्ही पानं देणार. आणि सप्टेंबरमध्ये ती सुटकेस पलंगाखालून बाहेर येणार.

तिनं चर्चच्या घड्याळाकडे पाहिलं. सव्वाअकरा. मग तिनं तेच केलं जे तिच्या आईनं आणि आजीनं प्रत्येक संकटात केलं असतं. ती गेली, तिनं उरलेल्या पिंपात कुंचा बुडवला आणि शिडीवर चढून त्या तोंडाला, हनुवटीखाली जरा जास्तच, परत एक दाट हात दिला.

कुंचा धुवायलाही वेळ मिळाला नाही. चौकात मोटार शिरली.

लिस्बनचे दोतोर मेनेझिश हे औषधं देणारे दोतोर नव्हते. आमच्याकडे शिकलेला माणूस दिसला की त्याला दोतोर म्हणतात. उंच, सडपातळ, गळ्यात कॅमेरा, एका हातात वही. रिबेरिन्यानं त्यांना सकाळी दहा वाजता भाजलेलं कोकरू खाऊ घातलं होतं, ते त्यांच्या चालण्यात दिसत होतं. फादर त्यांना घेऊन हौदाशी आले आणि तोंडाकडे बघताच त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं. तोंड करडं होतं. स्वच्छ दगडाचं, ओलं.

"वा, इदालिना," ते पुटपुटले.

फादर पाद्री होते, बाई नव्हते, म्हणून त्यांना माहीत नव्हतं. ओला चुना दिसत नाही. लावला की पाण्यासारखा असतो, दगड आरपार दिसतो. मग तो वाळतो आणि जसजसा वाळतो तसतसा पांढरा होतो. आणि अलेंतेझूच्या जुलैत त्याला फार वेळ लागत नाही.

"पाहा, दोतोर साहेब," फादर सांगू लागले, "या रेषा, या कपाळाची ठेवण. साम्राज्याच्या काळातली." दोतोरांनी चष्मा लावला. आधी नाकाचा शेंडा पांढरा झाला. मग भुवया. मग दोन्ही गाल. फादर बोलता बोलता अडखळले. सगळ्यांच्या देखत ते तोंड हळूहळू पांढरंफटक पडत गेलं, आणि त्याच्या जोडीनं फादरांचंही.

"हे काय होतंय?" दोतोर म्हणाले.

बेल्मीरोनं सासूकडे पाहिलं.

"चुना आहे," इदालिना म्हणाली. "मी लावलाय."

"रोमन शिल्पाला?"

"पाहुणे येणार होते."

दोतोरांनी वही बंद केली. ते रागावले नाहीत, पण त्यांचा आवाज मऊ झाला आणि लिस्बनच्या माणसांचा आवाज मऊ झाला की काम संपलेलं असतं. "हे उतरवता येईल ना? आत्ताच्या आत्ता? मला मूळ दगड बघितल्याशिवाय काहीच लिहिता यायचं नाही. निदान हनुवटीखालचा भाग. तिथे बहुधा लेख असतो."

"तिथे लेख आहे," इदालिना म्हणाली.

तिला स्वतःलाच हे बोलल्यावर कळलं. तिनं लेकीकडे पाहिलं. जासिंतानं हळूच मान हलवली, नको म्हणून. पण इदालिनाला खोटं बोलायची सवय नव्हती; गप्प राहायची होती, आणि गप्प राहायची वेळ निघून गेली होती.

तेवढ्यात कुस्तोदिया मावशी घागर घेऊन हौदाशी आली. रोजची तिची ती वेळ होती आणि लिस्बनहून कोणी आलं म्हणून तहान थांबत नाही.

"बाजूला हो," ती दोतोरांना म्हणाली. "उन्हात उभा राहून काय बघतोस? पाणी बघायचं नसतं, भरायचं असतं. आणि ते गळ्यातलं यंत्र आवर, घागरीला लागेल. आई नाही का तुला, टोपी घालून पाठवणारी?"

तिचं तोंड उघडं होतं. डावी भुवई वर होती. हनुवटी पुढे आली होती. आणि तिच्या डोक्याच्या बरोबर वर, वीतभर अंतरावर, स्वच्छ पांढरं झालेलं ते दुसरं तोंड होतं, उघडं, भुवई वर चढलेलं, मसासकट.

दोतोर मेनेझिशांनी मावशीकडे पाहिलं. वर पाहिलं. परत मावशीकडे पाहिलं. फादर पायरीवर बसले. दोन दिवसांत ती पायरी त्यांना ओळखायला लागली होती.

आता संपलं, इदालिनाला वाटलं. संपतंच आहे तर खरं बोलून संपू दे. ती पुढे झाली.

"दोतोर साहेब," ती म्हणाली, "ते तोंड तिचंच आहे. हीच ती."

दोतोर तिच्याकडे वळले. त्यांचे डोळे पाणावले होते.

"हीच ती," ते हळूच म्हणाले. "तुम्हालाही दिसतं तर. दोन हजार वर्षं. राज्यं आली, राज्यं गेली, आणि तोच चेहरा अजून त्याच हौदावर पाणी भरतोय." त्यांनी वही उघडली.

"दोन हजार नाही," इदालिना म्हणाली. "चौसष्ट. तिच्या नवऱ्यानं कोरलंय."

"नवऱ्यानं," दोतोर लिहू लागले. "मोन्ताल्विनाच्या स्त्रिया या शिल्पाच्या अज्ञात कारागिराला आजही आपला पती मानतात."

"मानत काय," मावशी घागर कट्ट्यावर ठेवत म्हणाली. "लग्न लागलं होतं चर्चमध्ये. सिंह कोरायचा होता मेल्याला. माझ्याशी भांडण झालं होतं आदल्या दिवशी."

"भांडण," दोतोर लिहीत होते. "सिंह. हे फार प्राचीन दिसतंय. आजी, तुमचं नाव?"

"मी त्याची बायको."

दोतोरांनी पेन्सिल थांबवली आणि फादरांकडे वळून दबल्या आवाजात म्हणाले, "ऐकलंत? एखाद्या पुजारिणीसारखं बोलतेय."

फादरांनी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं, आणि आता त्यांना समजलंही होतं. त्यांनी इदालिनाकडे पाहिलं. इदालिनानं खांदे उडवले. मी सांगितलं, फादर. दोनदा सांगितलं.

"आणि चुना?" फादरांनी कसंबसं विचारलं. "तो उतरवायचा होता ना?"

"उतरवायचा?" दोतोर दचकले. "कुणीही हात लावायचा नाही. या पांढऱ्या रंगातच तर चेहरा जिवंत होतो. हा तर विधी आहे." ते इदालिनाकडे वळले. "दर वर्षी लावता?"

"आता लावावा लागेल," इदालिना म्हणाली.

दोतोरांनी मावशीला त्या तोंडाखाली उभं करून अकरा फोटो काढले. मावशी अकराही वेळा काहीतरी बोलत होती. मग सगळे जेवायला आले. दोतोर बेल्मीरोच्या निळ्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी गास्पाशुचा पहिला चमचा तोंडात घातला. इदालिनानं डोळे मिटून घेतले.

"यात व्हिनेगर नाही," दोतोर म्हणाले.

"नाही," जासिंता म्हणाली.

"एव्होरापासून समुद्रापर्यंत सगळे घालतात."

"आम्ही नाही घालत," बेल्मीरो शांतपणे म्हणाला. "आमचं आधीपासूनच असं."

इदालिनानं जावयाकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत तो पहिल्यांदाच तिला जरा आवडला.

पुस्तक दुसऱ्या वर्षीच्या वसंतात आलं. सुटकेस तोवर पलंगाखालीच होती. दोन पानं मोन्ताल्विनाचीच, असं दोतोरांचं पत्र आदल्या ऑगस्टमध्येच आलं होतं, आणि बेल्मीरो म्हणाला, एक हिवाळा थांबून बघू. अलेंतेझूला चारच पानं होती, पण त्यातली दोन मोन्ताल्विनाची, आणि त्या दोनांतल्या एकावर नुसती कुस्तोदिया मावशी, तोंड उघडं, वर तेच तोंड, खाली दोन ओळी रोमन काळाबद्दल. दुसऱ्या पानाच्या कोपऱ्यात, दोतोरांच्या ताटाशेजारी, निळ्या खुर्चीची पाठ आणि तिच्यावरचं एक लाल फूल दिसत होतं. अर्धंच होतं, पण मावलं होतं.

लोक आले. आधी लिस्बनहून, मग फ्रान्सहून, जिकडे बेल्मीरो जाणार होता. ते हौद बघायचे, मावशीकडून बोलणी खायचे, व्हिनेगर नसलेलं गास्पाशु खाऊन चवीची तारीफ करायचे आणि जाताना मोटारीच्या टपावर खुर्च्या बांधून न्यायचे. बेल्मीरो सत्तर वर्षांचा होईपर्यंत फुलं रंगवत होता आणि लोक फार येतात म्हणून कुरकुरत होता. सुटकेसमध्ये पहिल्याच वर्षी एका कोंबडीनं अंडी घातली. तिला उठवायचं जासिंताच्या जिवावर आलं, मग ती कोंबडीचीच झाली. फाट्यापासून गावापर्यंत बस ६६ साली सुरू झाली. तिच्या पहिल्या फेरीत चर्चमधली सगळी गायनमंडळी विनाकारण फाट्यापर्यंत जाऊन परत आली.

फादर आन्सेल्मोंनी त्या तोंडाबद्दल कुणाला काही सांगितलं नाही, पण रोमन हा शब्दही परत उच्चारला नाही. कुणी विचारलं तर "जुनं आहे" म्हणायचे, आणि बिशपांसमोर कबुली द्यायला एव्होराला वर्षातून एकदा जायचे. तिकडून नेहमी हसत यायचे. दोतोर मेनेझिशांनी पुढं उत्तरेवर दोन मोठी पुस्तकं लिहिली आणि दर नाताळला मावशीला कार्ड पाठवलं. रिबेरिन्यानं पुस्तक बघितलं आणि पुढच्याच सणाला आपल्या खांबाला तीन हात चुना दिला. खरा रोमन खांब. त्याबद्दल बिचाऱ्यांना लिस्बनहून जे पत्र आलं, ते फादरांनी आम्हाला कधी वाचून दाखवलं नाही, पण त्यांना ते पाठ होतं.

कुस्तोदिया मावशी आणखी आठ वर्षं जगली. साठ वर्षं तिनं त्या तोंडाकडे बघितलं नव्हतं. आता रोज दुपारी केस विंचरून, काळा रुमाल बांधून ती त्याच्याखाली जाऊन बसायची. "झेफेरीनोला अक्कल नव्हती," ती एकदा इदालिनाला म्हणाली. "पण हात चांगला होता, हां." ती गेली त्या वर्षी इदालिनानं हनुवटीखाली चुना लावला नाही. नाव आणि साल उघडं ठेवलं. आजतागायत ते कुणी वाचलेलं नाही, कारण सगळे समोरून बघतात.

जासिंताला मुलगी झाली, नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, आजीच्या मेजाशेजारच्या खोलीत. इदालिनानं तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा ती रडत होती. हनुवटी पुढे होती, तोंड उघडं होतं आणि डावी भुवई वर चढलेली. बारशाला दोतोर मेनेझिश आले होते. त्यांनी पोरीकडे पाहिलं, खिडकीतून हौदाकडे पाहिलं आणि समाधानानं मान डोलावली. इदालिनानंही डोलावली. माणूस चुकला नव्हता. वर्षं तेवढी जरा जास्त धरली होती.